परत आलेलं हेलिकॉप्टर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमची आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, दुपारची झोप सहसा मोडत नाही. गेल्या पावसाळ्यात तिचा भर दुपारी फोन आला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. तिचा मुलगा आयटीआय करून फिटर झाला आणि एका कंत्राटदारामार्फत मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला लागला. ठरलेले दिवस समुद्रात, मग घरी. येणं-जाणं हेलिकॉप्टरने.

आपा म्हणाली, ''अरे, हेलिकॅप्टर पार विहिरीजवळ गेलं आणि उतरलंच नाही. तसंच माघारी आलं. पायलट शिकाऊ होता की मशीन बिघडली होती? तू बी.ए. झालायस, विचार जरा.''

बी.ए.च्या अभ्यासक्रमात हेलिकॉप्टर नव्हतं. मी भाच्याला फोन लावला. तो जुहूला सुखरूप होता, पण आवाज उतरलेला. ''मामू, ढगात शिरलो, मग काहीच दिसेना. खाली एकदा पाण्याचा पांढरा फेस दिसल्यासारखा वाटला. आणि एकदम हेलिकॉप्टर बाजूला वळून वर चढलं. कॅप्टन म्हणाले, प्लॅटफॉर्म दिसला नाही, परत जातोय. एवढ्या जवळ जाऊन!''

एवढ्या जवळ जाऊन परत का यायचं, हा प्रश्न माझ्याही डोक्यात राहिला. मी वाचत गेलो, जाणत्या माणसांना विचारत गेलो. जे समजलं ते आपाला सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो आहे.

आधी जागा समजून घेऊ. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली 'बॉम्बे हाय' हे तेलक्षेत्र आहे. 'सागर सम्राट' या जहाजावरून खोदकाम करताना १९७४ साली तिथे तेल लागलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. भर समुद्रात लोखंडी पायांवर उभे असलेले प्लॅटफॉर्म, त्यांवर यंत्रं, माणसांची राहण्याची सोय आणि एका कोपऱ्यात हेलिकॉप्टर उतरण्यापुरता लोखंडी ओटा. माणसांची ने-आण प्रामुख्याने जुहूच्या विमानतळावरून होते. जे.आर.डी. टाटा १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन उतरले, तोच हा जुहूचा विमानतळ.

हवा स्वच्छ असेल तर वैमानिक प्लॅटफॉर्म डोळ्यांनी पाहतो आणि उतरतो. प्रश्न येतो तो पावसाळ्यात. ढग खाली येतात, पावसाच्या सरी पडद्यासारख्या उभ्या राहतात, समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचे होतात. क्षितिजाची रेघच पुसली जाते.

आपल्याला वाटतं, ढगात फक्त दिसत नाही एवढीच अडचण असेल. खरी अडचण त्याहून मोठी आहे. ढगात आपलं शरीर आपल्याशी खोटं बोलू लागतं.

याचा लहानसा अनुभव प्रत्येकाने घेतला आहे. बसस्थानकात आपली एसटी उभी असते. शेजारची गाडी मागे सरकते आणि क्षणभर वाटतं, आपलीच गाडी निघाली. खांबाकडे नजर गेली की भ्रम फिटतो. ढगात तो खांब नसतो. तोल सांभाळण्यासाठी आपल्या कानाच्या आत बारीक वळणदार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की तो द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळल्याची खबर मिळते. पण वळण सावकाश आणि बराच वेळ चाललं, तर द्रवही त्या वेगाने फिरू लागतो आणि खबर थांबते. माणूस वळत असतो, पण त्याला वाटतं आपण सरळ चाललोय. मग तो खरोखर सरळ झाला, की त्याला वाटतं आपण उलट्या बाजूला कललो. तो 'सुधारायला' जातो आणि घात होतो.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली याची चाचणी घेतली गेली. उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० वैमानिकांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. सोबत सुरक्षेसाठी प्रशिक्षक होता. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाही. ही तर विमानाची गोष्ट. विमान थोडा वेळ तरी आपलं आपण सरळ जातं. हेलिकॉप्टर हे तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखं आहे. तोल सतत सांभाळावा लागतो. आता त्यासाठी स्वयंचलित यंत्रणा असतात, पण ढगात शिरायचं तर वैमानिकाला स्वतःच्या अंगाचं ऐकणं सोडून समोरच्या काट्यांचं ऐकावं लागतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

काटे उंची सांगतात, वेग सांगतात, यंत्र कुठे कललं आहे ते सांगतात. पण पुढे काय आहे? तिथे रडार लागतं.

रडार हे आपल्या रेडिओचंच भावंडं आहे, हे मला या निमित्ताने कळलं. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्री या गावाजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक प्रयोग केला. लहरी सोडण्यासाठी त्यांनी वेगळं यंत्र बांधलं नाही. तिथे बीबीसीचं प्रक्षेपण केंद्र होतं, त्याच्याच लहरी वापरल्या. आभाळातून एक विमान उडवलं आणि त्याच्या अंगावर आपटून परत आलेली लहर जमिनीवर पकडून दाखवली. विहिरीत वाकून हाक मारली की आवाज परत येतो, आणि तो किती उशिरा आला यावरून विहिरीची खोली अजमावता येते. रडार हेच करतं, फक्त लहरीचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर असतो. एका सागरी मैलावरच्या, म्हणजे साधारण १८५० मीटरवरच्या वस्तूला आपटून परत यायला तिला एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम बारा भाग लागतात. यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि पडद्यावर ठिपका उमटवतं.

हा ठिपका वापरून वैमानिकाला खाली आणायच्या दोन रीती आहेत. पहिलीत रडार जमिनीवर असतं, दुसरीत ते हेलिकॉप्टरच्या नाकात असतं.

पहिली रीत समजायला पुन्हा बसस्थानकातच जाऊ. रात्र आहे, पाऊस आहे, गाडी फलाटावर मागे घ्यायची आहे. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. कंडक्टर खाली उतरतो, गाडीच्या मागे उभा राहतो आणि पत्र्यावर थाप मारत सांगतो, ''येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडे... येऊ द्या...'' ड्रायव्हर त्या आवाजावर गाडी सोडतो. आणि आवाज थांबला तर? तो ब्रेक मारतो. कंडक्टर गप्प का झाला, याचा विचार तो नंतर करतो.

जमिनीवरच्या रडारची रीत हुबेहूब अशीच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले शास्त्रज्ञ लुई अल्वारेझ यांनी ती पुढे आणली. त्यांनाच पुढे १९६८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. धावपट्टीजवळ रडारचे दोन डोळे असतात. एक डावी-उजवीकडे फिरतो, दुसरा वर-खाली. पडद्यासमोर बसलेला नियंत्रक विमानाचा ठिपका आणि उतरण्याची आदर्श रेषा यांतलं अंतर पाहतो आणि बोलत राहतो: रेषेवर आहात, किंचित उजवीकडे सरकलात, थोडे उंच आहात, आता बरोबर. शेवटच्या टप्प्यात वैमानिकाला उत्तरही द्यायचं नसतं, त्याने फक्त ऐकायचं आणि हात चालवायचे. १९४८-४९ मध्ये बर्लिन शहराची नाकेबंदी झाली तेव्हा धान्य आणि कोळसा घेऊन येणारी विमानं धुक्यात अशाच आवाजावर उतरवली गेली. विज्ञानकथा लिहिणारे आणि पुढे श्रीलंकेत स्थायिक झालेले आर्थर सी. क्लार्क तरुणपणी ब्रिटिश हवाई दलात याच यंत्रणेवर अधिकारी होते. त्या अनुभवावर त्यांनी १९६३ साली 'ग्लाइड पाथ' ही कादंबरी लिहिली. नागरी विमानतळांवर आता दुसरी उपकरणं आली, पण लष्करी तळांवर ही बोलती रीत टिकून आहे आणि हेलिकॉप्टरही तिच्यावर उतरतं.

या रीतीतला एक नियम मला फार आवडला. अगदी शेवटच्या टप्प्यात नियंत्रकाचा आवाज पाच सेकंद ऐकू आला नाही, तर वैमानिकाने उतरणं थांबवून वर निघायचं. पाच सेकंद! मी कविता लिहितो. ओळींमधल्या शांततेला अर्थ असतो असं आम्ही मंडळी सांगत असतो. इथे शांततेचा अर्थ लेखी ठरवून दिलेला आहे, आणि तो एकच आहे: खाली येऊ नका.

आता भाच्याच्या समुद्राकडे जाऊ. प्लॅटफॉर्मवर असा रडारवाला कंडक्टर उभा नसतो. तिथे दुसरी रीत लागते. हेलिकॉप्टरच्या नाकाच्या टोपणात एक लहान रडार असतं. ते मुळात पुढचे पावसाळी ढग दिसावेत म्हणून बसवलेलं. पण समुद्र सपाट आणि प्लॅटफॉर्म लोखंडी, म्हणून प्लॅटफॉर्मही त्यात ठळक ठिपक्यासारखा दिसतो.

वैमानिक दोन असतात आणि कामाची वाटणी पक्की असते. एक जण हेलिकॉप्टर उडवतो. त्याची नजर काट्यांवर. दुसरा रडार पाहतो आणि त्याला सांगत जातो, इतके अंश डावीकडे, इतकं अंतर उरलं. म्हणजे कंडक्टर आता गाडीच्या आतच आला. वारा कुठून आहे ते प्लॅटफॉर्मवरून कळवलेलं असतं. हेलिकॉप्टर वाऱ्याच्या पाठच्या बाजूने वळसा घेऊन वाऱ्याला सामोरं येतं, त्यामुळे पाण्यावरून पुढे सरकण्याचा वेग कमी राहतो. वाटेत जहाज किंवा दुसरा प्लॅटफॉर्म नाही ना, हे रडारवर पाहून घेतात. मग टप्प्याटप्प्याने खाली. पाण्यापासूनची उंची मोजायला आणखी एक यंत्र असतं. तेही रेडिओलहरच सोडतं, सरळ खाली.

आणि मग येतात दोन आकडे. युरोपातल्या समुद्री उड्डाणांच्या नियमांत ते असे आहेत. दिवसा २०० फूट आणि रात्री ३०० फूट, याच्या खाली प्लॅटफॉर्म दिसल्याशिवाय यायचं नाही. आणि प्लॅटफॉर्म पाऊण सागरी मैलावर, म्हणजे सुमारे १४०० मीटरवर आला, तरी डोळ्यांना दिसला नाही, तर लगेच वळून वर चढायचं. ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने हे अंतर जेमतेम ४० सेकंदांचं आहे.

रडारवर ठिपका स्पष्ट असताना का वळायचं? याची कारणं साधी आहेत. एक तर रडारला लोखंड कळतं, लोखंडाचं नाव कळत नाही. प्लॅटफॉर्म, बाजूला नांगरलेलं जहाज, तरंगता रिग, सगळे ठिपकेच. उपग्रहाच्या मदतीने जागा पडताळतात, तरी ओट्यापर्यंतची शेवटची वाट डोळ्यांचीच. दुसरं, समुद्र खवळला की लाटांचे प्रतिध्वनीही पडद्यावर येतात आणि जोराची सर ठिपका झाकून टाकते. तिसरं, अगदी जवळची वस्तू रडारला नीट मोजता येत नाही. आणि चौथं, वळायला जागा लागते. म्हणून आधीच सुरुवातीला ठिपका बरोबर नाकासमोर न ठेवता थोडा बाजूला ठेवतात. वळायचं ठरलं तर हेलिकॉप्टर प्लॅटफॉर्मच्या डोक्यावरून न जाता मोकळ्या बाजूला निघतं.

आता भाच्याचा तो प्रवास आठवा. ढग, खाली पाण्याचा फेस, मग एकदम वळण आणि चढ. त्या दिवशी बिघडलं काहीच नव्हतं. दोघा वैमानिकांनी आकडा येईपर्यंत वाट पाहिली, प्लॅटफॉर्म दिसला नाही, आणि त्यांनी ठरलेली गोष्ट ठरलेल्या जागी केली. फेस दिसला म्हणजे प्लॅटफॉर्म दिसला असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं नाही. 'अजून दहा सेकंद बघू' हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत.

आपाची भीती मात्र खोटी नाही. या समुद्राने माणसं नेली आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये ओएनजीसीच्या माणसांना नेणारं हेलिकॉप्टर कोसळलं, वीसहून अधिक जण गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्रीच्या सरावाच्या उड्डाणात दोन वैमानिक गेले. १३ जानेवारी २०१८ ला पाच अधिकारी आणि दोन वैमानिक गेले. २८ जून २०२२ ला 'सागर किरण' या रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात पडलं. नऊपैकी चौघे वाचले नाहीत. प्रत्येक अपघाताची गोष्ट वेगळी आहे. रडार असतं तर सगळे टळले असते असं म्हणणं खोटेपणाचं होईल. म्हणूनच या प्रवाशांना, पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडण्याचं शिक्षण आधी घ्यावं लागतं. भाच्याने ते घेतलंय. आईला सांगितलं नव्हतं, एवढंच.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, आपल्या बीड जिल्ह्याला याचं काय? इथे समुद्र नाही, तेल नाही. खरं आहे. पण हेलिकॉप्टर आपल्याला नवं नाही. निवडणूक आली की माळरानावर मुरूम टाकून हेलिपॅड तयार होतं. चुन्याचा गोल, त्यात इंग्रजी 'एच', धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी, आणि कडेला पोरांची गर्दी. अशा तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरणारा वैमानिक जवळपास पूर्णपणे आपल्या डोळ्यांवर अवलंबून असतो. तिथे बोलणारा नियंत्रक नसतो. नाकात रडार असलं तरी ते इथे कामाचं नाही. सपाट पाण्यावर प्लॅटफॉर्म उठून दिसतो, पण डोंगर, झाडं, घरं यांच्या गर्दीत चुन्याचा गोल रडारला दिसत नाही. विजेच्या तारांचा तर भरवसा नकोच. मे २०१७ मध्ये शेजारच्या लातूर जिल्ह्यात निलंग्याला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर तारांना लागून खाली आलं. सुदैवाने सगळे वाचले. तिथे रडारचा उपयोग झाला नसता.

पावसाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात ढग रस्त्यावर उतरतात, तेव्हा आपण दिवे लावून गाडी कडेला घेतो. हेलिकॉप्टरला कड नसते. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर खराब हवेत नल्लमलाच्या जंगलात कोसळलं, पाचही जण गेले. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी पुण्याच्या बावधनमध्ये, धुकं असताना उड्डाण केलेलं हेलिकॉप्टर थोड्याच वेळात पडलं, तिघे गेले.

काही चांगलंही घडतं आहे. आपल्या देशाची 'गगन' नावाची यंत्रणा आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभी केलेली. उपग्रहाने सांगितलेल्या जागेत जी थोडी चूक राहते ती ती दुरुस्त करून देते. जून २०२३ मध्ये पवन हंसच्या हेलिकॉप्टरने तिच्या आधारे आखलेल्या वाटेने जुहू ते पुणे उड्डाण करून दाखवलं. आशियातलं हेलिकॉप्टरचं असं ते पहिलं प्रात्यक्षिक असल्याचं तेव्हा सरकारने सांगितलं. या रीतीत उतरण्याच्या जागी महागडं रडार लागत नाही. वाटेतले डोंगर, मनोरे, तारा यांची नीट मोजणी करून वाट आखावी लागते, आणि वैमानिक व यंत्र त्यासाठी तयार लागतात. उद्या एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारात पावसाळी संध्याकाळी रुग्णासाठी हेलिकॉप्टर उतरायचं असेल, तर वाट अशाच मोजणीतून निघेल.

पण कितीही यंत्रं आली तरी शेवटी एक आकडा राहणारच, आणि त्या आकड्यावर पोचून 'दिसत नाही, परत जातो' म्हणणारा माणूस राहणारच. त्याला ते म्हणता येणं आपल्यावरही अवलंबून आहे. सभेला हजारो लोक जमलेले असतात, मंडपातून सारखे फोन जातात, साहेब कुठवर आले? आभाळ भरलेलं असतं. हेलिकॉप्टर आलं नाही की आपण पेंडॉलमध्ये कुजबुजतो, घाबरले, टाळलं, आपल्या गावाची किंमत नाही. ही कुजबुज वैमानिकाच्या कानात नियंत्रकाच्या आवाजाइतकीच पोचते, फरक एवढाच की ती चुकीची दिशा सांगते. आलं नाही, तर ज्याने हे ठरवलं त्याला मनातून सलाम करावा आणि भाषण फोनवरून ऐकावं.

आपाला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. कानातल्या द्रवाची गोष्ट तिला पटली, कारण तिला स्वतःला चक्कर येते. मग तिने विचारलं, ''म्हणजे त्या दिवशी ते उतरले असते, तर वाईट झालं असतं?''

मी म्हणालो, ''तसंही सांगता येत नाही. कदाचित नीट उतरलेही असते.''

''मग?''

''कदाचितवर उतरायचं नाही, एवढाच त्यांचा नियम आहे.''

दुसऱ्या दिवशी हवा उघडली आणि भाचा कामावर पोचला. तेव्हापासून पावसाळ्यात 'आज परत आलो' असा त्याचा फोन आला, की आपा मला फोन करत नाही. शेजारणीला सांगते, पायलट चांगला होता म्हणून.